कुठे चालू, डॉक्टर?

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. प्रत्यक्षात मी लिहीत आहे ते एका पायवाटेच्या आराखड्याविषयी. विषयांतर झाल्यासारखे वाटले, तर वाचकांनी थोडा धीर धरावा. तीस-पस्तीस वर्षांच्या व्यवसायात मी ज्या चुका केल्या, त्यांतील एक औषधाची नव्हती, शस्त्राची नव्हती. ती एका टेकडीच्या उतारावर झाली होती. तिचा हिशेब मांडायला याहून योग्य जागा नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वडगावातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची अँजिओप्लास्टी झाली. वय एकाहत्तर, मधुमेह जुना, स्वभाव मात्र शाळेतल्यासारखाच शिस्तीचा. सारे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणतो. तपासणी आटोपल्यावर मी नेहमीचे वाक्य उच्चारले, ‘‘गुरुजी, रोज पाऊण तास चालत जा.’’ हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी म्हणत असेन. गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि विचारले, ‘‘चालतो की. पण कुठे चालू, डॉक्टर?’’

त्यांच्या दारातून बाहेर पडले की अरुंद बोळ, बाजूला उघडे गटार, पहाटे कुत्र्यांची टोळी आणि उजाडले की दुचाकींची रांग. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची झाडी चालणाऱ्यांनी सकाळी फुललेली असते, हे त्यांना ठाऊक होते. परंतु तेथवर पोहोचायला रिक्षा. ‘‘चालायला जाण्यासाठी रोज रिक्षाचे भाडे द्यायचे, हे गणित मी मुलांना कसे शिकवले असते?’’ असे ते हसत म्हणाले. मला उत्तर सुचले नाही.

चालण्याचे महत्त्व आपणा डॉक्टरांना नव्याने सांगावयास नको. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, असे त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. हे सारे आपण रुग्णाला सांगतो. गोळी लिहून दिली, तर ती कोणत्या दुकानात मिळेल हेही सांगतो. चालणे मात्र लिहून देतो आणि ते कोठे मिळते, हे सांगत नाही.

पहिली वाट

२०१९ हे आमच्या संस्थेचे रौप्यमहोत्सवी वर्ष होते. गुरुजींचा प्रश्न मी बैठकीत मांडला. शहराच्या पश्चिमेस एका शिक्षणसंस्थेच्या मालकीची टेकडीच्या उताराची जमीन पडून होती. संस्थेने चालण्याच्या वाटेसाठी ती वापरण्याची लेखी परवानगी उदारपणे दिली. मी अध्यक्ष होतो. सारी जबाबदारी मी उत्साहाने अंगावर घेतली.

आखणी कशी केली, हे सांगताना आज संकोच वाटतो. एका रविवारी सकाळी मी टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो, माथ्यावरच्या वडाच्या पाराकडे बोट दाखवले आणि म्हणालो, ‘‘इथून तिथे.’’ ठेकेदाराने फक्कीची सरळ रेघ मारली. पंधरा दिवसांत माती खणून, मुरूम पसरून, दोन्ही कडांना दगड लावून दोन मीटर रुंदीची वाट तयार झाली. नकाशा नव्हता, छेद नव्हता, मोजमाप नव्हते. गुढीपाडव्याला उद्घाटन झाले. त्या दिवशीचे छायाचित्र संस्थेच्या कार्यालयात आहे. त्यात गुरुजी पहिल्या रांगेत उभे आहेत.

२०१९ चा ऑगस्ट बेळगावकर विसरलेले नाहीत. घरे पडली, रस्ते वाहून गेले, जिल्ह्यातील कित्येक गावे पाण्याखाली गेली. त्या मानाने एका वाटेचे दुःख ते काय! पण पाऊस ओसरल्यावर मी टेकडीवर गेलो, तेव्हा वाटेच्या जागी गुडघाभर खोल घळ होती. आम्ही शोभेसाठी लावलेल्या दोन्ही कडांच्या दगडांनी पाण्याला बाहेर पडू दिले नव्हते. पायवाट म्हणून आम्ही जे बांधले, तो वास्तविक एक सरळसोट नाला होता.

घळीत खडी टाकून ती बुजवावी आणि वेळ निभावून न्यावी, हा निर्णय माझाच. कोजागिरीच्या आदल्या दिवशी गुरुजी तीच वाट चढून उतरत होते. सुट्या खडीवरून पाय घसरला आणि ते डाव्या हातावर पडले. मनगट मोडले, दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याने कोपरापर्यंत हात काळानिळा झाला. मी रुग्णालयात भेटायला गेलो. मला काय बोलावे ते कळेना. गुरुजीच म्हणाले, ‘‘औषध बरोबर होतं, डॉक्टर. मात्रा जरा जास्त झाली.’’

ते सहज बोलले असतील. त्या रात्री मी त्यांची फाईल काढली. जानेवारीतील ट्रेडमिल चाचणीचा अहवाल त्यात होता. ब्रूस पद्धतीचा पहिला टप्पा, म्हणजे शेकडा १० चढावर ताशी २.७ किलोमीटर वेगाने तीन मिनिटे, त्यांनी पूर्ण केला होता. दुसऱ्या टप्प्यात एका मिनिटात धाप लागून चाचणी थांबवावी लागली होती. पहिला टप्पा साधारण साडेचार मेटचा, दुसरा सातच्या आसपासचा.

आमची वाट १५० मीटरच्या आडव्या अंतरात ३० मीटर चढत होती. म्हणजे शेकडा २० चढ. चालण्याच्या श्रमाचे प्रचलित सूत्र आपण सर्वांनी अभ्यासलेले असते. ते घेऊन मी ताशी तीन किलोमीटरचा, म्हणजे वृद्ध माणसाच्या सावकाश चालीचा हिशेब केला. सपाटीवर सुमारे २.४ मेट, शेकडा ५ चढावर ३.७; शेकडा १० चढावर ५; आणि शेकडा २० चढावर ७.६. ज्या माणसाला चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात, शेजारी डॉक्टर उभा असताना, यंत्र बंद करून खाली उतरवले होते, त्याला मी दुसऱ्या टप्प्याहूनही कठीण चढावर, हात धरायला कोणी नसताना, रोज पाठवत होतो. अहवाल माझ्या फाईलमध्ये होता. टेकडी माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन्ही एकत्र पाहण्याचे मला सुचले नव्हते. थकलेल्या पायांनी उतरताना ते पडले, यात नवल नव्हते. ते चढताना पडले नाहीत, हेच नवल.

हे पूर्वी कोणी केले होते

हा विचार पहिल्यांदा आपल्यालाच सुचला, असे वाटणे हा आपल्या व्यवसायातील जुना रोग आहे. म्युनिकचे डॉ. मॅक्स योझेफ ओएर्टेल (१८३५–१८९७) यांनी १८८० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी ‘टेरेनकूर’ नावाची उपचारपद्धती मांडली होती. हृदयरुग्णाने पडून राहावे, असे मानण्याचा तो काळ. त्यात त्यांनी डोंगरातील वाटांची चढाप्रमाणे प्रतवारी केली, त्यांवर खुणा केल्या आणि रुग्णाला हळूहळू सपाटीवरून चढाकडे नेले. औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या रेघा असतात, तशा त्यांनी डोंगरावर काढल्या, असे म्हणता येईल. त्यांच्या आहार आणि पाण्यावरील निर्बंधांचे काही आग्रह पुढे मागे पडले; मोजलेल्या वाटांची कल्पना मात्र टिकली. रशियातील किस्लोवोद्स्क या आरोग्यस्थळी टेरेनकूर याच नावाने अशा वाटा आजही वापरात आहेत.

वाटेचा आराखडा करताना अभियंत्याबरोबर डॉक्टरने बसले पाहिजे, हे मला येथे उमगले. आणि अभियंता कोठे मिळेल, तेही लवकरच कळले.

रावसाहेब

पाटबंधारे खात्यात आयुष्यभर सर्वेक्षणाचे काम केलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येत. आमच्याकडे अभियंत्यांना रावसाहेब म्हणण्याची जुनी रीत आहे. त्यांना तेच नाव पडले होते. मी त्यांना घेऊन टेकडीवर गेलो. त्यांनी घळ पाहिली, दगडांच्या कडा पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘पाणी कुठून येतं, बघितलं होतं का?’’ मी नाही म्हणालो. ते म्हणाले, ‘‘मग अजून कुदळ लावायची नाही. एक पावसाळा नुसता बघायचा.’’

२०२० साली कोरोनामुळे सारेच ठप्प झाले. गुरुजींसह माझे अनेक रुग्ण घराच्या गच्चीवर फेऱ्या मारत होते. ‘कुठे चालू’ हा प्रश्न त्या वर्षी साऱ्या जगाला पडला. २०२१ च्या पावसाळ्यात मात्र रावसाहेब आणि मी छत्र्या घेऊन, गमबूट चढवून त्या उतारावर सात-आठ वेळा हिंडलो. पाऊस कोसळत असताना पाणी कोठे गोळा होते, कोठे पसरते, कोठे जमिनीत जिरते, कोठे झरा फुटतो, हे सारे त्यांनी एका वहीत टिपले. त्या उतारावर बकऱ्या चारणारे एक वृद्ध धनगर मामा आमची ही तपश्चर्या पाहत. एकदा न राहवून ते म्हणाले, ‘‘पाणी हिकडनं उतरतंय की, डाक्टर. तुमी वाटच पाण्यात घातलासा.’’ मग त्यांनी बकऱ्यांची वाट दाखवली. ती उतारावरून आडवी, तिरकी, हलकेच वर जात होती. ऑगस्टमधल्या त्या चिखलातही तिच्यावर पाणी साचले नव्हते.

रावसाहेब नंतर म्हणाले, ‘‘खात्यात तीस वर्षे जे शिकलो, ते याच्या बकऱ्यांना उपजत येतं.’’

आराखडा

पाऊस थांबल्यावर आराखड्याला आरंभ झाला. तो कसा केला, हे थोडे तपशिलाने सांगतो. कारण अन्य गावांतील संस्थांनी असे काम हाती घेतले, तर आमची चूक तरी त्यांनी करू नये.

पहिले पान नकाशाचे नव्हते. त्यावर प्रश्न होता: ही वाट कोणासाठी? आम्ही चार नावे लिहिली. शस्त्रक्रियेनंतरचा हृदयरुग्ण, गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीवरील रुग्ण आणि सहज फिरायला येणारे कुटुंब. पाचवे नाव रावसाहेबांनी घातले: आधीपासून येथून जाणारी माणसे, म्हणजे धनगर आणि सरपणाला येणाऱ्या बायका. त्यांच्या जुन्या वाटा बंद होणार नाहीत, असे आराखड्यातच लिहून ठेवले.

दुसरे पान स्थळदर्शक नकाशाचे. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांमधील अंतर सर्वसाधारणपणे २० मीटर असते. आमची सारी टेकडी त्यात दीड रेषेत संपत होती. म्हणून जागेवर जाऊन मोजणी करावी लागली. चढ मोजण्यासाठी रावसाहेबांनी आपली जुनी अ‍ॅबनी लेव्हल काढली. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांनी पाणलोटाच्या कामात वापरतात ती लाकडी ए-फ्रेम आणि ओळंबा, किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, काम होते. नकाशावर आम्ही दोन प्रकारच्या खुणा केल्या. जेथे वाटेने जावेच असे वाटते, ती ठिकाणे हिरवी: वडाचा पार, सूर्यास्त दिसणारा खडक, सावलीची जांभूळ. जेथे जाऊ नये, ती तांबडी: झरा, भुसभुशीत भराव, वारूळ, आणि आमची जुनी घळ. मग तांबड्या खुणा टाळत हिरव्या खुणा जोडायच्या.

तिसरे पान उभ्या छेदाचे, म्हणजे वाट किती अंतरात किती चढते याचे. येथे माझे गणित आणि रावसाहेबांचे गणित एकमेकांना भेटले. त्यांचा नियम असा: वाटेचा चढ हा टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. तो अधिक झाला, की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावू लागते. टेकडीचा उतार शेकडा २०, म्हणून वाट फार तर शेकडा १०. माझा नियम असा: गुरुजींना चारच्या आत मेट हवेत, म्हणून शेकडा ५. तीस मीटरचा चढ शेकडा ५ ने चढायचा, तर वाट ६०० मीटर लांब हवी. दीडशे मीटरचे सहाशे झाले. रुग्णाला मानवेल तो चढ मातीलाही मानवत होता, ही गोष्ट मला त्या कागदावर प्रथम दिसली.

शिवाय संपूर्ण वाट एकसारखी चढत न्यायची नाही. दर दहा-पंधरा मीटरवर तिला हलकासा खोलगट द्यायचा, म्हणजे चार पावले उतार आणि पुन्हा चढ. त्या खोलगटात आलेले पाणी बाहेर पडते आणि वेग घेण्याआधीच वाट सोडते. पळत्या पाण्याला चालायला लावावे, असे पाणलोटाच्या कामातील लोक म्हणतात, ते हेच. हृदयरुग्णालाही तेथे क्षणभर विसावा मिळतो.

चौथे पान आडव्या छेदाचे. वाट दीड मीटर रुंद. ती टेकडीच्या पोटात पूर्ण कोरून काढायची. अर्धी कोरून आणि अर्धी भराव घालून करायची नाही, कारण भराव खचतो आणि कडेने चालणारा माणूस त्याबरोबर जातो. शेकडा २० उतारावर दीड मीटर कोरायचे, तर आतल्या बाजूस फक्त फूटभर खोदाई लागते. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला शेकडा ३ ते ५ कलता ठेवायचा. बाहेरच्या कडेला दगड लावायचे नाहीत. हे वाक्य रावसाहेबांनी दोनदा अधोरेखित केले. वरची सुपीक माती बाजूला ठेवून खोदाईच्या उघड्या अंगावर परत पसरायची, म्हणजे गवत लवकर धरते. वर मुरूम आणि जांभ्याचा चुरा यांचा चार बोटे थर, पाणी मारून, धुम्मसाने घट्ट बसवलेला.

पाचवे पान पायथ्याच्या सपाट फेरीचे, २५० मीटरची. सपाटीवर वाट करणे सोपे, हा गैरसमज आहे. तेथे पाण्याला जायला दिशाच नसते. म्हणून ती फेरी आजूबाजूच्या जमिनीहून वीतभर उंच घेतली आणि बाजूने उथळ चर काढले. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाव्यात म्हणून रुंदी १.८ मीटर, चढ कोठेही वीसात एकहून अधिक नाही आणि आडवा कल शेकडा २. कारण कल वाढला की खुर्ची एका बाजूला ओढते आणि रुग्णाचा एकच हात थकतो.

सहावे पान बाकांचे, आणि ते माझे. शेकडा ५ चढावर ५० मीटर चालले की अडीच मीटर चढून होते. म्हणून दर ५० मीटरला जांभ्या दगडाचा एक बाक: बसण्याची उंची ४५ सेंटिमीटर, उठताना रेटा देता यावा म्हणून दोन्ही बाजूंना हात. असे बारा बाक, बारा क्रमांक. मग रुग्णाला ‘थोडे चढावर चाला’ असे मोघम सांगायचे कारण उरत नाही. ‘पहिला महिना सपाट फेरी, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या बाकापर्यंत, मग तपासून तिसरा’ असे कागदावर लिहिता येते. ओएर्टेल यांचे ऋण येथे फेडले, असे समजतो.

शेवटची दोन पाने कोणाला आवडत नाहीत. पण तीच वाट टिकवतात. एक अंदाजपत्रकाचे आणि दुसरे देखभालीचे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंचे गवत हातभर कापलेले असावे, कारण आपल्या या जांभ्याच्या मुलखात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत आणि चालणाऱ्याला पुढचे पाऊल दिसले पाहिजे. दिवे नसल्याने अंधारात वाट बंद, असा फलक. आणि दर वर्षीच्या खर्चाची तरतूद आधीच बाजूला.

देणगी

२०२२ च्या उन्हाळ्यात हा आराखडा संस्थेच्या बैठकीत ठेवला. एका स्नेह्यांनी संपूर्ण खर्च देण्याचे पूर्वीच कबूल केले होते. त्यांना सिमेंटचा रस्ता हवा होता, सरळ हवा होता आणि पायथ्याशी वडिलांच्या नावाची कमान हवी होती. ‘‘दीडशे मीटरच्या जागी सहाशे मीटर, आणि तेही मातीचे? लोक हसतील,’’ असे ते म्हणाले. त्यांचा हेतू निर्मळ होता. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. सिमेंटवर आमच्याकडे पावसाळ्यात शेवाळ चढते, एक थेंब पाणी जिरत नाही, आणि खालची माती धुपली की तुकडाच्या तुकडा अधांतरी राहतो, हे रावसाहेबांनी शांतपणे समजावले. सभासदांतही दोन तट पडले. काहींच्या मते देणगी हातची घालवणे हा शुद्ध वेडेपणा होता.

मी उठून बोललो. गुरुजींच्या मनगटाचा एक्स-रे आणि ट्रेडमिलचा अहवाल, त्यांची संमती घेऊन, मी सर्वांपुढे ठेवला आणि २०१९ साली काय झाले, ते आकड्यांसह सांगितले. अध्यक्षपदावर असताना स्वतःची चूक सभेपुढे वाचून दाखवणे सुखाचे नसते. मतदान झाले, आराखडा थोड्या मतांनी मंजूर झाला. स्नेह्यांनी कमानीचा आग्रह सोडला. परंतु देणगी निम्म्यावर आणली. मी त्यांना दोष देत नाही. त्या रकमेत पायथ्याची फेरी आणि सहाव्या बाकापर्यंतची ३०० मीटर वाट होत होती. तेवढीच करायचे ठरले.

काम २०२२ च्या दिवाळीनंतर सुरू झाले आणि उन्हाळ्यापूर्वी संपले. उद्घाटन केले नाही. २०२३ चा जुलै कोसळला, तेव्हा मी पहाटे छत्री घेऊन गेलो. पहिल्या खोलगटात पाणी आले, वळले आणि वाट ओलांडून गवतात उतरले. मी बराच वेळ तेथे उभा राहिलो. चौथ्या बाकाजवळ मात्र एका जागी मुरूम वाहिला होता. रावसाहेबांनी तेथे आणखी एक खोलगट घेतला. २०२४ च्या पावसातही वाट टिकली. जुनी घळ आम्ही दगडांचे छोटे बांध घालून आडवली. तिच्यात आता माती साठते आहे.

गुरुजींचे वय आता अठ्ठ्याहत्तरच्या पुढे आहे. टेकडीच्या पायथ्यापर्यंत त्यांचा नातू त्यांना सोडतो. ते चौथ्या बाकापर्यंत जातात. पाचव्याला मी अजून परवानगी दिलेली नाही, आणि ते दर भेटीत ती मागतात. त्यांच्या वहीत तारीख आणि बाकाचा क्रमांक असतो. माझ्या फाईलमध्ये मी तो उतरवून घेतो.

आता वाचकांना विनंती. देखभालीच्या पानावर वर्षातून तीन फेऱ्या ठरल्या आहेत: मृगाच्या आधी खोलगट साफ करण्यासाठी, पहिल्या मोठ्या पावसात पाणी पाहण्यासाठी, आणि दसऱ्यानंतर दुरुस्तीसाठी. फावडी, घमेली संस्थेची आहेत. माणसे कमी पडतात. डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना पाठवावे, हे तर आहेच. पण आधी स्वतः एकदा सहाव्या बाकापर्यंत चालून यावे, म्हणजे आपण काय लिहून देत आहोत ते कळेल.

सातव्यापासून बाराव्या बाकापर्यंतच्या वाटेचे छेद काढून तयार आहेत, अंदाजपत्रकही आहे. त्या भागातील आखणीच्या खुणा म्हणून रावसाहेबांनी झुडपांना पिवळ्या कापडी फिती बांधल्या आहेत. मामांच्या बकऱ्या त्या खातात. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघे वर जातो आणि वहीतील मापे पाहून त्या पुन्हा बांधतो.